पासिंग १५ वर्षांनी, तपासणी दर रविवारी: मराठवाड्यातल्या नव्या गाडीमालकांसाठी

काळी-पिवळी जीप, टेम्पो, ट्रक, शाळेची बस यांना ठरावीक मुदतीनं आरटीओच्या मैदानात जाऊन उभं राहावं लागतं. नवी असताना पहिली २ वर्षं, पुढे गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस. तुमच्या घरच्या, पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीला मात्र नोंदणी झाली की थेट १५ वर्षांनी पासिंग. मधल्या काळात पीयूसी लागते, पण पीयूसीवाला फक्त धूर तपासतो. ब्रेक नीट लागतात का, टायर फुटायला आलाय का, स्टेअरिंग ढिलं झालंय का, हे १५ वर्षं सरकारी माणूस बघत नाही. ज्या गाडीत आपण लेकराबाळांना आणि म्हाताऱ्या आईवडिलांना बसवतो, तिचा तपासनीस आपल्याशिवाय दुसरा कुणी नाही.

घरात पहिल्यांदाच चारचाकी आलेली कुटुंबं आता आपल्याकडे गावोगाव आहेत. चालवायला शिकवणारे तालुक्याच्या ठिकाणी मिळतात. गाडी बघायला शिकवणारं कुणी भेटत नाही. ते शिकायला मेकॅनिक असावं लागत नाही. हवा मोजायचं छोटं गेज, टॉर्च, एक सुती फडकं आणि एक वही एवढ्यावर सुरुवात होते.

आधी गाडीसोबत आलेलं पुस्तक वाचा

ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पाकिटात पडलेलं ते पुस्तक बाहेर काढा. पूर्ण वाचायची गरज नाही. इंजिन ऑइलचा ग्रेड, कूलंटचा (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा) प्रकार, ब्रेक ऑइलचा प्रकार आणि सर्व्हिसिंगचं वेळापत्रक, एवढं वहीत उतरवून घ्या. टायरमध्ये हवा किती हवी याचं स्टिकर बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरचा दरवाजा उघडल्यावर खांबावर दिसतं. काहींत ते पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला असतं. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

वेळापत्रकात बहुतेक गाड्यांना '१०,००० किमी किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते' असं लिहिलेलं असतं. यातलं 'जे आधी होईल ते' लोक सोडून देतात. गावात गाडी वर्षभरात ४,००० किमीच फिरते, मग मालक म्हणतो, 'अजून कुठं १० हजार झालेत?' पण ऑइल उभ्या गाडीतही जुनं होतं. शिवाय त्याच पुस्तकात पुढे खडतर वापराचं पान असतं: धुळीचे रस्ते, कडक ऊन, छोट्या छोट्या फेऱ्या. असा वापर असेल तर मुदत कमी धरा असं तिथे सांगितलेलं असतं. आपल्याकडे कच्च्या रस्त्यानं शेतात जाणारी, मे महिन्यात अंगणात तापणारी गाडी त्याच पानात मोडते. त्यामुळे एअर फिल्टर आणि ऑइल यांच्या बाबतीत मुदतीच्या शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका. धुळीच्या दिवसांत एअर फिल्टर मध्येच एकदा काढून बघितला, तर त्यावर बसलेली काळी माती पाहूनच कळेल की इंजिनाला श्वास घ्यायला किती त्रास होत होता.

रविवारची १५ मिनिटं: सुरुवात टायरपासून

सकाळी, गाडी हलवण्याच्या आधी बघायचं. गाडी रात्रभर उभी असते, त्यामुळे टायर थंड असतो. हवेचं जे प्रमाण कंपनी सांगते ते थंड टायरचं असतं. पंपावर ४० किलोमीटर पळवून नेलेल्या गाडीची हवा जास्तच दाखवणार. ती जास्त दिसली म्हणून थोडी बाहेर काढून टाकू नका. टायर थंड झाल्यावर ती कमी पडेल.

तापमानाचा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. साधारण ६ अंश सेल्सिअसमागे हवेच्या दाबात १ पीएसआयचा (गेजवर दाब ज्या मापात दिसतो, त्याचा) फरक पडतो. परभणीत हिवाळ्यात पहाटे पारा १० अंशांच्या खाली जातो, मे महिन्यात दुपारी तो ४२ च्या पुढे असतो. म्हणजे तीच हवा, तोच टायर, आणि दाबात ५ पीएसआयहून जास्त फरक. दिवाळीला भरलेली हवा संक्रांतीला कमी पडलेली असते ती यामुळेही. म्हणून महिन्यातून दोनदा तरी गेज लावा.

कमी हवेचा टायर जास्त धोक्याचा. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात दबते आणि सुटते, त्यातून आतलं रबर तापत जातं. गावातल्या रस्त्यावर ताशी ४० नं हे खपून जातं. समृद्धी महामार्गावर जालन्याहून चढलात आणि ताशी १२० ची मर्यादा आहे म्हणून तासभर तेवढ्यानंच पळवलंत, वर उन्हात तापलेलं काँक्रीट, आत पाच माणसं आणि डिकीभर सामान, की हाच टायर फुटतो. मोठ्या रस्त्यावर जाण्याआधी चारही टायर आणि स्टेपनी बघितल्याशिवाय निघू नका. स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असतो, लग्नाला किंवा तुळजापूरला सगळे मिळून निघालात तर तो वापरा. नायट्रोजन भरायचा का, असं पुष्कळ जण विचारतात. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. भरायचा तर भरा, पण त्यानं गेज लावायचं काम टळत नाही.

हवेनंतर रबर. टायरच्या खाचांमध्ये मधूनमधून छोटे उंचवटे दिसतात. घासून घासून टायरचा पृष्ठभाग त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आला, की खाच फक्त १.६ मिमी राहिली. कारसाठी कायद्याची किमान मर्यादा तीच आहे. आपल्याकडच्या पावसात, काळ्या मातीचा चिखल रस्त्यावर आलेला असताना, एवढ्या खाचेवर भरवसा ठेवू नये. मी स्वतः ३ मिमीलाच टायर बदलावा या मताचा आहे.

मग टायरच्या बाजूवर हात फिरवा. कुठे फुगा आलाय का, चीर आहे का. खड्ड्यात जोरात आपटल्यावर आतले धागे तुटतात आणि बाहेर लिंबाएवढा फुगा येतो. असा टायर पंक्चरवाला दुरुस्त करू शकत नाही, तो त्याच दिवशी बदलायचा. टायरवर चार आकडी तारीखही असते: '२३२२' म्हणजे २०२२ सालचा २३ वा आठवडा. खाच भरपूर दिसत असली तरी टायर पाच-सहा वर्षांचा झाला की जाणत्या माणसाला दाखवा. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचं रबर आतून कडक होतं. जुनी गाडी विकत घेताना हे चार आकडे आधी वाचा, मग किलोमीटर बघा.

टायर एकाच कडेनं घासला असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा सरळपणा, बिघडलीय. मधोमध घासला असेल तर हवा जास्त आणि दोन्ही कडा घासल्या असतील तर हवा कमी.

बोनेटखाली

गाडी सपाट जागेवर, इंजिन थंड. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) ओढा, फडक्यानं पुसा, परत पूर्ण आत घाला, पुन्हा काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. वरच्या खुणेच्या पुढे भरणंही चुकीचंच. ऑइल काळं दिसलं म्हणून घाबरू नका, डिझेल गाडीत ते लवकर काळं होतं. ते दुधाळ, चहासारखं दिसलं तर मात्र त्यात पाणी शिरलंय, गाडी सुरू न करता गॅरेजला फोन करा.

आता कूलंट. मराठवाड्यात इंजिनं बिघडायला हे एक मोठं कारण आहे, म्हणून यावर जरा थांबतो.

परभणीत जिंतूर रोडवरच्या एका गॅरेजात एका शेतकऱ्याची डिझेल गाडी सारखी तापते म्हणून आली होती. मिस्त्रींनी रेडिएटर काढला आणि वरची टाकी उघडली. आत नळ्यांच्या तोंडाशी पिवळट-पांढरा, खडूसारखा थर. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडला तर खपल्या निघाल्या. निम्म्या नळ्यांतून टॉर्चचा उजेडही आरपार जात नव्हता.

'मालक, पाणी कुठलं टाकता?'

'बोअरचं. आणखी कुठलं?'

'मग बघा की. तुमच्या ड्रिपच्या नळ्या कशा चोंदतात, तसंच हे.'

त्या माणसाला पुढे काही सांगावं लागलं नाही. ड्रिपला ॲसिड सोडणारा शेतकरी क्षार म्हणजे काय हे कुणापेक्षाही चांगलं जाणतो.

आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षारयुक्त आहे. ते तापलं की क्षार धातूला चिकटतात. थर बसला की पाण्याची उष्णता बाहेर जात नाही, इंजिन तापतं, हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधलं पॅकिंग) जातं आणि बिल काही हजारांवरून एकदम मोठ्या कामावर जातं. कूलंट पाण्याचा उकळबिंदू वाढवतं, गंज धरू देत नाही आणि थरही बसू देत नाही. तयार मिसळलेलं कूलंट मिळतं, तेच घ्या. घट्ट कूलंट घेतलंत तर पुस्तकातल्या प्रमाणात बॅटरीचं पाणी, म्हणजे डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड पाणी, मिसळा. रंग बघून कूलंट घेऊ नका. हिरवं, लाल, निळं हे कंपनीगणिक बदलतं. पुस्तकात लिहिलेला प्रकार जुळला पाहिजे. रस्त्यात अडकलात आणि दुसरं काहीच नसेल तर बाटलीतलं पिण्याचं पाणी घालून गॅरेज गाठा, पण पोहोचल्यावर सगळं काढून पुन्हा कूलंट भरून घ्या.

कूलंटच्या पारदर्शक टाकीवर 'मिन' आणि 'मॅक्स' अशा खुणा असतात, दर रविवारी तेवढ्या बघायच्या. दर आठवड्याला कमी होत असेल तर कुठेतरी गळतंय, भरत राहण्यात अर्थ नाही. आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला सांगून ठेवा: गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. आत दाबाखाली उकळतं पाणी असतं, ते तोंडावर उसळतं. तापमानाचा काटा लाल भागाकडे गेला किंवा थर्मामीटरच्या चिन्हाचा लाल दिवा लागला की एसी बंद करा, बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि अर्धा तास तरी थांबा.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर साफ करून घ्या. उन्हाळा बॅटरीला थंडीपेक्षा जास्त झिजवतो. ३ वर्षं झाल्यावर मे महिन्याच्या आधी एकदा तपासून घेतलेली बरी. वायपरचं पाणी भरा. मग बोनेट लावण्याआधी वायरिंगवर टॉर्च मारा. गोठ्याजवळ, कडब्याच्या गंजीशेजारी, आडत दुकानामागे उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर हमखास शिरतात आणि वायरचं प्लॅस्टिक कुरतडतात. उघडी पडलेली वायर म्हणजे शॉर्टसर्किट आणि आग. कुरतडलेलं दिसलं तर चिकटपट्टी गुंडाळून भागवू नका, इलेक्ट्रिशियनकडे जा.

आगीवरून आणखी एक. रब्बीच्या काढणीला कित्येक ठिकाणी पीक मळायला रस्त्यावरच पसरतात. त्यावरून गाडी गेली की काड गाडीच्या पोटाखाली सायलेन्सरपाशी अडकतं. सायलेन्सर तापलेला असतो. अशा काडावरून जावंच लागलं तर पुढे थोड्या अंतरावर थांबा, वाकून खाली बघा, अडकलेलं काढा. जळका वास आला तर सगळ्यांना आधी उतरवा.

ब्रेक

बोनेटखालीच ड्रायव्हरच्या बाजूला ब्रेक ऑइलची छोटी टाकी असते. पातळी हळूहळू खाली येणं म्हणजे ब्रेक पॅड झिजताहेत. एकदम खाली येणं म्हणजे गळती, आणि त्या गाडीनं त्या दिवशी कुठेही जायचं नाही. वरून ऑइल ओतून हा प्रश्न सुटत नाही.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. म्हणूनच ते साधारण २ वर्षांनी बदलायला सांगतात, गाडी कमी चालली तरी. डॉट ४ या प्रकारच्या ताज्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू किमान २३० अंश असतो. ओलावा धरल्यावर मानकानुसार तो १५५ अंशांपर्यंत खाली आलेला चालतो. सपाट रस्त्यावर हा फरक जाणवत नाही. पण मांजरसुंब्याचा घाट किंवा कन्नडहून चाळीसगावकडे औट्रम घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर ठेवला, तर चाकापाशी तापलेलं जुनं ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल तळाला जातं. 'ब्रेक फेल झाला' म्हणतात त्यातला एक प्रकार हाच. घाटात ज्या गियरवर चढलो असतो, त्याच किंवा त्याच्या खालच्या गियरवर उतरायचं. न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायला कुणी सांगितलं तर ऐकू नका.

घरच्या घरी करायची परीक्षा सोपी आहे. इंजिन सुरू ठेवून ब्रेक घट्ट दाबा आणि मनात ३० पर्यंत मोजा. पेडल हळूहळू खाली सरकत असेल तर गळती आहे. स्पंजासारखं मऊ लागत असेल तर आत हवा शिरलीय. मोकळ्या रस्त्यावर ताशी ३० वरून ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढते का बघा. लोखंड घासल्यासारखा 'कर्र' आवाज आला म्हणजे पॅड संपून आता डिस्क खाल्ली जातेय. पॅडची जाडी ३ मिमीवर आली की बदलायचे. सर्व्हिसिंगला चाक काढलेलं असताना आपण स्वतः वाकून बघायचे. हँडब्रेक चढावर लावून पाय काढा, गाडी हलता कामा नये.

उसाच्या दिवसांत दिव्यांची तपासणी

साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की लातूर, धाराशिव, बीड, परभणीच्या रस्त्यांवर रात्री उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या सुरू होतात. पुष्कळांना मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस बाजूनं बाहेर आलेला. समोरून येणाऱ्याच्या दिव्यानं डोळे दिपले की ती ट्रॉली शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. तिथे आपले दिवे नीट असणं आणि काच स्वच्छ असणं एवढंच आपल्या हातात असतं.

संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करून डिपर मारा. दोन्ही दिव्यांचे झोत भिंतीवर सारख्या उंचीवर हवेत. एक आकाशाकडे आणि एक जमिनीकडे असेल तर गॅरेजात सेट करून घ्या. डिकीत सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं, त्यासाठी बहुतेक गाड्यांत स्टेअरिंगजवळ हेडलाइटची उंची बदलायचं छोटं चाक असतं. ते शोधा, वापरा. ब्रेक लाइट बघायला घरातल्या कुणाला तरी मागे उभं करा. चारही इंडिकेटर, रिव्हर्सचा दिवा, नंबरप्लेटचा दिवा, सगळं पोराकडून ओरडून सांगवून घ्या. लेकरांना हे काम मनापासून आवडतं आणि गाडीची सवयही लागते.

बाजारात मिळणारे प्रखर पांढरे एलईडी टाकू नका. कंपनीच्या हेडलाइटच्या काचेसाठी ते बनलेले नसतात, समोरच्याला आंधळं करतात आणि वायरिंगवर ताण येतो. पुढे लोखंडी क्रॅश गार्ड बसवणंही नियमाविरुद्ध आहे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं त्यावर कारवाईच्या सूचना राज्यांना दिल्या. धडकेचा जोर गार्डमुळे भलतीकडेच जातो आणि एअरबॅग वेळेवर उघडेल याची खात्री राहत नाही. सीटच्या बाजूला एअरबॅग असलेल्या गाडीत साधं घट्ट सीट कव्हर घालू नका.

सीट बेल्टही यातच बघून घ्या. पट्टा झटक्यानं ओढला तर अडकला पाहिजे. विरलेला, कडा सुटलेला पट्टा बदलायचा. मागच्या सीटचे बेल्ट आपल्याकडे कव्हरच्या खाली दडपलेले असतात, ते बाहेर काढा. मागे बसणाऱ्यालाही बेल्ट सक्तीचा आहे, न लावल्यास दंड १,००० रुपये. पण दंडाचं सोडा, मागचा माणूस धडकेत पुढच्याच्या मानेवर जाऊन आदळतो.

पाणी

पूल पाण्याखाली गेला असेल तर थांबायचं. खाली रस्ता आहे की खचलाय हे वरून दिसत नाही. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आपण हे डोळ्यांनी पाहिलं. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा किल्ली मारू नका. इंजिनात शिरलेलं पाणी दाबलं जात नाही आणि आतला दांडा वाकतो. गाडी ओढून न्या. पाण्यातून सुखरूप बाहेर आलात तर ब्रेक हलके हलके दाबून वाळवा, मग वेग घ्या.

सर्व्हिसिंगला जाताना

तोंडी सांगून किल्ली देऊन निघून येऊ नका. गाडीची तक्रार जॉब कार्डवर लिहून घ्या आणि तुमच्या शब्दांत लिहा: 'ताशी ८० ला स्टेअरिंग थरथरतं', 'डावीकडे वळताना पुढून टक-टक आवाज'. मेकॅनिकला नेमकी खूण मिळाली की तो अर्धं काम वाचवतो. अंदाजे खर्च आधी घ्या. बदललेला जुना भाग परत मागा. ऑइलचा डबा तुमच्यासमोर उघडू द्या, ग्रेड वहीशी जुळवा.

वॉरंटी असेपर्यंत अधिकृत सर्व्हिस सेंटर सोडू नये असं माझं मत आहे. त्यानंतर गावातला विश्वासाचा मिस्त्री उत्तम, पण पावती मागा आणि जपा. इंजिन फ्लश, कोटिंग, ऑइलमध्ये टाकायची औषधं असं काही सुचवलं, तर 'कंपनीच्या पुस्तकात आहे का?' एवढं विचारा. नसेल तर नको म्हणा आणि तेच पैसे टायर-ब्रेकसाठी ठेवा. डॅशबोर्डवर लाल दिवा लागला तर थांबायचं, पिवळा लागला तर लवकरात लवकर दाखवायचं. एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) किंवा एअरबॅगचा दिवा सतत लागत असेल तर ती यंत्रणा वेळेला चालणार नाही असं धरूनच चला. दिवा विझवून देणाऱ्यापेक्षा कारण शोधणाऱ्याकडे जा.

सीएनजी गाडी असेल तर सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर ३ वर्षांनी करावी लागते. तारीख सिलिंडरच्या प्लेटवर असते. बाहेरून किट बसवलं असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी.

खंडेनवमीचा मुहूर्त

वर्षातून एकदा पूर्ण तपासणी कधी करायची, याला आपल्याकडे चांगला दिवस आहे. खंडेनवमीला आपण औजारं आणि गाड्या पुजतो. पावसाळा संपत आलेला असतो, ऊस वाहतूक सुरू व्हायची असते. पूजेच्या आठवडाभर आधी गाडी लिफ्टवर चढवा. खालचा गंज, सस्पेन्शनचे रबरी बुश, शॉकअपमधून गळणारं तेल, स्टेअरिंगचे जोड, सायलेन्सर, ब्रेकच्या नळ्या हे सगळं खालूनच दिसतं. मिस्त्रीच्या शेजारी उभं राहून बघा. मग दुसरी फेरी उन्हाळ्याआधी, होळीच्या सुमारास: कूलंट, बॅटरी, एसी, टायर. तिसरी मृगाच्या आधी: वायपर, ब्रेक, टायरच्या खाचा, दरवाजांची रबरं. उन्हाळ्यात वायपरचं रबर चिरलेलं असतं, ते पहिल्या पावसातच कळतं आणि तेव्हा रात्र असते.

डिकीत वर्षभर राहिलं पाहिजे: हवा भरलेली स्टेपनी, जॅक, पाना, लाल परावर्तक त्रिकोण, टॉर्च, प्रथमोपचार पेटी, पाण्याच्या बाटल्या. घरच्या अंगणात एकदा चाक बदलून बघा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. रस्त्यात बंद पडलात तर इंडिकेटर चारही चालू, त्रिकोण मागे लांब ठेवा आणि माणसं गाडीत बसवून न ठेवता रस्त्याच्या कडेला, कठड्यापलीकडे उभी करा.

कागद, आणि १५ वर्षांनंतरची पासिंग

नव्या गाडीला पहिलं वर्ष पीयूसी लागत नाही. त्यानंतर बीएस ४ आणि बीएस ६ (धुराची नवी मानकं) गाड्यांना ती १ वर्षाची, त्याआधीच्या गाड्यांना ६ महिन्यांची मिळते. नव्या कारला थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा) विमा ३ वर्षांचा एकदम येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुतेकांनी १ वर्षाचाच घेतलेला असतो. दोन तारखा वेगळ्या असतात, दोन्ही वहीत लिहा. विमा संपून ९० दिवस उलटले तर नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधले कागद चालतात.

आरसीवर नोंदणीची मुदत लिहिलेली असते. ती संपण्याआधी ६० दिवसांच्या आत परिवहनच्या संकेतस्थळावरून नूतनीकरणाचा अर्ज, फॉर्म २५, भरता येतो. त्याआधी विमा आणि पीयूसी चालू हवेत, थकलेली चलनं भरलेली हवीत, पर्यावरण कर भरायचा असतो आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली असावी. गाडीवर कर्ज होतं आणि फिटलं असेल तर बोजा आधी कमी करून घ्या.

मैदानावर नेण्याच्या आदल्या दिवशी गाडी धुवा, चेसिस नंबर जिथे कोरलाय ती जागा घासून स्वच्छ करा. गंजात तो वाचता येत नसेल तर काम तिथेच अडतं. दिवे, हॉर्न, वायपर, आरसे, ब्रेक, टायर, सीट बेल्ट बघतात, बाहेरून केलेले बदलही बघतात. मूळ कागद आणि झेरॉक्स दोन्ही न्या, आणि शक्यतो एजंटाच्या हाती किल्ली देण्याऐवजी स्वतः गाडीसोबत थांबा. निरीक्षकानं काही दोष काढला तर तो नेमका कोणता हे विचारून वहीत लिहून घ्या, दुरुस्त करा आणि गाडी पुन्हा दाखवा. पास झाल्यावर नोंदणी आणखी ५ वर्षांसाठी वाढते.